‘आढळले नाही’ म्हणजे ‘नाही’ नव्हे!

३ ऑक्टोबर २०२५ या एकाच दिवशी सरकारी यंत्रणेने एकाच विषयावर दोन निकाल दिले, आणि ते एकमेकांच्या नेमके उलट होते. मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात, परासिया भागात, सप्टेंबरपासून लहान मुले मूत्रपिंडे निकामी होऊन दगावत होती. खोकल्याच्या औषधावर संशय होता. त्या दिवशी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने पत्रक काढून सांगितले की, तपासलेल्या नमुन्यांपैकी एकातही डायएथिलीन ग्लायकॉल किंवा एथिलीन ग्लायकॉल ही विषारी द्रव्ये आढळली नाहीत. घटकाभरात हा निर्वाळा समाजमाध्यमांवरून देशभर पोचला. आणि त्याच दिवशी रात्री तमिळनाडूच्या औषध नियंत्रण खात्याचा अहवाल मंत्रालयाच्या हाती आला! कांचीपुरम जिल्ह्यातील स्रेसन फार्मास्युटिकल्स या कारखान्यातून उचललेल्या ‘कोल्ड्रिफ’ औषधाच्या नमुन्यात तेच विष होते. किती होते? शेकडा ४८.६! जे द्रव्य शेकडा ०.१ च्या वर असता कामा नये, त्याने जवळजवळ निम्मी बाटली व्यापली होती.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे ४ ऑक्टोबरला, मध्य प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांनी ‘एक्स’ या माध्यमावर दुःख प्रकट केले आणि संपूर्ण राज्यात या औषधाच्या विक्रीस बंदी केल्याचे जाहीर केले. पाठोपाठ औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरला अटक झाली. काही दिवसांनी कारखान्याचा मालक चेन्नईत पकडला गेला. आज ‘काही नाही’, उद्या ‘बंदी’, परवा ‘अटक’, अशा क्रमाने सरकार बोलत राहिले. परंतु ‘कालचे आमचे म्हणणे अपुरे होते, त्यावर विसंबून राहू नका’ हे एक वाक्य मात्र तितक्याच ठसठशीतपणे कोणी उच्चारल्याचे आमच्या तरी पाहण्यात नाही. या प्रकरणात वीसहून अधिक बालके प्राणास मुकली. कित्येकांना आईबापांनी उपचारांसाठी आपल्या नागपुरात आणले होते. त्यांतील अनेकांनी येथील रुग्णालयांतच शेवटचा श्वास घेतला. तेव्हा हा शेजारच्या राज्याचा प्रश्न आहे, आपल्याला त्याच्याशी काय कर्तव्य, असे म्हणण्याची सोय महाराष्ट्राला उरलेली नाही.

औषधात विष कसे आले, कारखान्यावर कोणाची देखरेख होती, परवाना कसा टिकला, हे प्रश्न न्यायालयापुढे आणि चौकशी यंत्रणांपुढे आहेत. ते आम्ही आज बाजूला ठेवतो. आमचा प्रश्न वेगळा आहे. संकटाच्या घडीला सरकारने जनतेशी कसे बोलावे? एका क्षणात कोट्यवधी हातांत पोचणारे साधन आज प्रत्येक मंत्र्याच्या आणि खात्याच्या खिशात आहे. ते साधन कोणाच्या रक्षणासाठी वापरायचे? लेकराच्या की खात्याच्या अब्रूच्या?

३ ऑक्टोबरचे पत्रक खोटे होते, असे आम्ही म्हणत नाही. ज्या नमुन्यांची तपासणी झाली, त्यांत विष सापडले नसेल. परंतु ‘सापडले नाही’ आणि ‘नाही’ यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. औषध बॅचवार तयार होते. एका बॅचमधील बाटल्या निर्दोष निघाल्या म्हणून दुसऱ्या बॅचमधील बाटल्यांची हमी कोणालाच देता येत नाही. हे प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञास ठाऊक असते. ते पत्रक लिहिणाऱ्या अधिकाऱ्यासही ठाऊक असले पाहिजे. कोणत्या औषधाचे, कोणत्या बॅचचे, किती नमुने तपासले आणि किती तपासायचे राहिले, हे त्या संदेशाच्या अग्रभागी, पहिल्या वाक्यात यावयास हवे होते. ते तसे आले नाही. आणि मग लोकांच्या मनावर ठसले ते एवढेच, की सरकारने औषधाला निर्दोष ठरविले.

वाचकांनी क्षणभर परासियातील एखाद्या घरात जाऊन पाहावे. मूल दोन दिवस खोकत आहे. फळीवर औषधाची अर्धी उरलेली बाटली आहे. गावात वाईट वार्ता उठली आहे, म्हणून आईचा हात बाटलीकडे जाता जाता थबकतो. अशा वेळी शेजारचा कोणी मोबाईल पुढे करतो आणि म्हणतो, ‘वहिनी, दिल्लीहून आले आहे, औषधात काही दोष नाही.’ तो हात पुढे जाईल की नाही? आणि गेला तर त्याचा दोष कोणाच्या माथी? त्या आईच्या खासच नव्हे! तिने सरकारवर विश्वास ठेवला, एवढाच तिचा अपराध.

त्याच ३ ऑक्टोबरला आरोग्य सेवा महासंचालनालयाने दुसरीही एक सूचना काढली होती, हे न्यायबुद्धीने नमूद केले पाहिजे. दोन वर्षांखालील मुलांस खोकल्याची औषधे देऊच नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांस ती सामान्यतः देऊ नयेत, असे त्या सूचनेत स्पष्ट म्हटले होते. ही खरी उपयोगाची गोष्ट होती. मूल वाचावयाचे तर ते याच वाक्याने वाचले असते. परंतु एका हाताने सावधगिरीचा कागद आणि दुसऱ्या हाताने निर्दोषत्वाचा दाखला दिला, तर लोक कोणता उचलतील? मनाला धीर देणारा कागदच माणूस आधी उचलतो. सरकारने दोन्ही एकदम दिले आणि आपल्याच शहाणपणावर आपणच पाणी ओतले!

पूर्वी सरकारी पत्रक निघे, ते दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत छापून येई आणि मधल्या रात्रीत काही चूक ध्यानात आली तर संपादकाला दूरध्वनी करून मजकूर बदलता येई. समाजमाध्यमांवर ही मधली रात्रच नाही. संदेश सुटला की सुटला. मूळ ठिकाणाहून तो पुसून टाकला, तरी त्याची छायाचित्रे हजारो मोबाईलमध्ये राहतात आणि व्हॉट्सॲपच्या कुटुंबसमूहांतून आठवडेच्या आठवडे फिरत असतात. दुरुस्तीचा संदेश त्यांच्या मागोमाग जातो खरा. पण दिलासा देणारी बातमी माणूस दहाजणांना कळवितो आणि तिची दुरुस्ती आली तर स्वतःशीच वाचून गप्प राहतो. म्हणून या माध्यमात पहिला शब्द तोलून बोलण्याची जबाबदारी पूर्वीपेक्षा दसपट वाढली आहे. आमच्या राज्यकर्त्यांनी मात्र घाईनेच दसपट बोलावयाचे ठरविलेले दिसते.

हे विष नवे नाही, आणि त्याविषयी बोलण्याची परीक्षाही नवी नाही. १९३७ साली अमेरिकेत ‘एलिक्झिर सल्फानिलामाइड’ या औषधात हेच डायएथिलीन ग्लायकॉल वापरले गेले आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. त्या काळी ना मोबाईल होते, ना समाजमाध्यमे. तेथील अन्न व औषध प्रशासनाकडे अवघे २३९ निरीक्षक आणि रसायनतज्ज्ञ होते. त्यांना दुकानोदुकानी, दवाखान्यादवाखान्यांत आणि घरोघर बाटल्या शोधावयास पाठविण्यात आले. वर्तमानपत्रांनी आणि रेडिओने धोक्याचा इशारा गावोगाव पोचविला. तयार झालेल्या २४० गॅलनांपैकी सुमारे २३४ गॅलन औषध परत मिळाले. उरलेल्या चारसहा गॅलनांनी एवढा अनर्थ केला, यावरून बाकीचे पोटात गेले असते तर काय झाले असते, याची कल्पना करावी. त्या प्रशासनाने ‘आम्हास काही आढळले नाही’ असे सांगत कालहरण केले नाही. ‘बाटली असेल तेथून काढून घ्या’ असे सांगितले. पुढल्याच वर्षी, १९३८ साली, अमेरिकेने औषधांचा नवा कायदा केला.

आणि अमेरिका कशाला हवी? आपली मुंबई घ्या. १९८६ च्या प्रारंभी जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरिन पोटात गेल्याने १४ रुग्ण दगावले. त्या ग्लिसरिनमध्येही हेच विष होते. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने रुग्णालयापासून मंत्रालयापर्यंत सर्वांची झाडाझडती घेतली आणि औषध खरेदी व नियंत्रणाचा सगळा गलिच्छ कारभार उघड्यावर आणला. आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावे लागले. या शहराने तेव्हा एक धडा घेतला होता. विष बाटलीत शिरण्यापूर्वी ते कारभारात शिरलेले असते आणि कारभारातले विष झाकण्याच्या धडपडीत बाटलीतले विष आणखी बळी घेते, हा तो धडा. आज चार दशकांनी तोच धडा नव्याने गिरवावा लागावा, यापरते दुर्दैव कोणते?

मधल्या काळातली साक्षही काढून पाहू. १९९८ साली गुरगावात आणि २०१९-२० च्या हिवाळ्यात जम्मूतील रामनगर भागात अशीच मुले गेली. ५ ऑक्टोबर २०२२ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले की, आफ्रिकेतील गांबिया देशात ६६ बालकांच्या मृत्यूशी हरयाणातील एका कारखान्याच्या चार औषधांचा संबंध असावा. त्यावर डिसेंबर २०२२ मध्ये आपल्या औषध महानियंत्रकांनी संघटनेला पत्र लिहिले. भारतात ठेवलेले नमुने तपासले, त्यांत दोष आढळला नाही, आणि संघटनेने घाईने संबंध जोडला, असा त्या पत्राचा आशय होता. पुन्हा तेच ‘आढळले नाही’! पुढे मार्च २०२३ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने बाहेरून आलेल्या दूषित औषधांकडेच बोट दाखविले. त्यानंतर, १ जून २०२३ पासून, परदेशी जाणारे खोकल्याचे औषध निर्यातीपूर्वी मान्य प्रयोगशाळेत तपासणे आपल्या सरकारने सक्तीचे केले. स्तुत्यच केले! परंतु तोच नियम परासियाच्या दुकानात जाणाऱ्या बाटलीला मात्र लागू झाला नाही. परदेशाच्या मुलाला सरकारी तपासणी, आणि घरच्या मुलाला कारखानदाराच्या सचोटीचा भरवसा!

हा मुद्दा आम्ही येथे मुद्दाम काढला, कारण बोलण्यातला दोष हा बहुधा विचारातल्या दोषाची सावली असतो. ‘जगाचे औषधालय’ म्हणून आपल्या देशाचा लौकिक आहे आणि तो कष्टाने मिळविलेला आहे. परंतु संकट कोसळताच ज्या सरकारच्या मनात पहिला विचार लौकिकाचा येतो, त्याचा पहिला शब्दही लौकिकासाठीच निघतो. ज्याच्या मनात पहिला विचार लेकराचा येतो, त्याचा पहिला शब्द असतो ‘थांबा!’. छिंदवाड्याच्या जिल्हा प्रशासनाने सप्टेंबरअखेरीस, प्रयोगशाळेचा निकाल हाती नसताना, संशयित औषधांची विक्री आपल्या हद्दीत थांबविली होती. त्या स्थानिक अधिकाऱ्यांपाशी जे व्यवहारज्ञान होते, ते दिल्लीच्या पत्रकात का उतरू नये?

यावर एक ठरावीक उत्तर येते, ते घबराटीचे. ‘पुरावा हाती येण्यापूर्वी औषधाचे नाव घेतले तर लोक भयभीत होतील, डॉक्टरांवरचा विश्वास उडेल, निरपराध कारखान्याचे नुकसान होईल,’ असे सांगण्यात येते. या म्हणण्यात तथ्यांश आहे, तो आम्ही नाकारत नाही. परंतु दोन पारडी समोर ठेवून पाहावे. एका पारड्यात चार दिवस खप थांबल्याने होणारा तोटा आहे. तो भरून काढता येतो. दुसऱ्या पारड्यात जे आहे, ते कोणत्याही भरपाईने परत येत नाही. शिवाय घबराट खऱ्या शब्दाने वाढत नाही, ती उलटसुलट शब्दांनी वाढते. ‘संशय आहे, तपास चालू आहे, तोवर हे औषध देऊ नका’ असे कोणी धीराने सांगितले, तर माणूस बाटली बाजूला ठेवतो आणि निकालाची वाट पाहतो. पण सकाळी ‘निर्धास्त असा’ आणि रात्री ‘विष आहे’ असे ऐकले, की त्याचा त्या औषधावरचाच नव्हे, तर सगळ्या औषधांवरचा आणि सगळ्या सरकारी शब्दावरचा विश्वास उडतो. मग उद्या लसीकरणाच्या वेळी हेच सरकार हात जोडून आले, तरी लोक दार लोटून घेतात. आणि त्या दिवशी आपण लोकांस अडाणी म्हणणार!

दुसरे उत्तर अफवांचे. समाजमाध्यमांवर अफवांचे पीक येते आणि ते कापण्याचा अधिकार सरकारला हवा, असे म्हटले जाते. केंद्र सरकारने २०२३ साली माहिती तंत्रज्ञानाच्या नियमांत दुरुस्ती करून असा अधिकार घेतलाही होता. केंद्राच्या कारभाराविषयीचा कोणता मजकूर खोटा आहे, हे केंद्राचाच एक कक्ष ठरविणार होता! मुंबई उच्च न्यायालयात त्याला आव्हान दिले गेले. जानेवारी २०२४ मध्ये खंडपीठात मतभेद झाला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये न्यायमूर्ती अ. श. चांदूरकर यांनी तो नियम घटनाबाह्य ठरविला. त्या निकालामागचे शहाणपण छिंदवाड्याने सिद्ध केले आहे. असा शिक्का सरकारच्या हाती असता, तर ३ ऑक्टोबरच्या दुपारी ‘या औषधात विष आहे’ असे लिहिणारा एखादा हळहळता बाप खोटारडा ठरला असता, आणि रात्री तोच खरा निघाला असता. अफवेवर उतारा हा शिक्का नव्हे. लवकर, स्वच्छ आणि पुरते सांगितलेले सत्य, हाच तो उतारा.

असे बोलता येते, याचे दाखले याच देशात आहेत. तमिळनाडूच्या औषध नियंत्रण खात्याला मध्य प्रदेशाकडून विचारणा येताच त्याने सणासुदीच्या सुट्टीतही कारखाना गाठला, नमुने उचलले, तपासले आणि विक्री थांबविली. त्याच राज्यातील कारखाना इतकी वर्षे तशा अवस्थेत चालला, हा दोष त्यामुळे धुऊन निघत नाही. परंतु निदान अहवाल दडवून ठेवला गेला नाही. आपल्या महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने ५ ऑक्टोबरला जो इशारा दिला, त्यात औषधाचे नाव होते, एस. आर. १३ हा बॅच क्रमांक होता, उत्पादनाचा व मुदतीचा महिना होता आणि माहिती कळविण्यासाठी विनाशुल्क दूरध्वनी क्रमांक होता. घरातल्या बाटलीशी ताडून पाहता येईल, असा तो संदेश होता. २०१८ साली केरळात निपाहची साथ आली, तेव्हा तेथील आरोग्य खात्याने रोजच्या रोज आकडे आणि सूचना लोकांपुढे ठेवल्या. भय होते, तरी अंदाधुंदी माजली नाही. म्हणजे हे काही परलोकीचे ज्ञान नव्हे. ते व्यवहारात आणण्याची इच्छा तेवढी हवी.

तेव्हा आमचे मागणे सरळ आहे. संशय बळावताच सावधगिरीचा शब्द आधी आणि निर्दोषत्वाचा शब्द सर्वांत शेवटी, हा नियम केंद्राने आणि प्रत्येक राज्याने लेखी स्वीकारावा. प्रत्येक सरकारी संदेशात तीन गोष्टी वेगवेगळ्या सांगाव्यात: काय कळले आहे, काय अद्याप कळलेले नाही, आणि तोवर घरात काय करावे. केंद्र आणि राज्ये यांनी एकमेकांचे अहवाल हाती येईपर्यंत अंतिम निर्वाळा देऊ नये. पहिला संदेश चुकीचा वा अपुरा ठरला, तर तो गुपचूप पुसू नये. तो तसाच ठेवून त्याच ठिकाणी, तितक्याच मोठ्या अक्षरांत ‘हा संदेश रद्द’ असे लिहावे. चूक कबूल केल्याने सरकारची प्रतिष्ठा कमी होत नाही. चूक लपविल्याने मात्र ती मातीस मिळते.

आणखी एक गोष्ट, आणि ती सर्वांत महत्त्वाची. ‘एक्स’वर मंत्री आहेत, पत्रकार आहेत, आमच्यासारखे शहरी वाचक आहेत. ज्या आईच्या फळीवर ती बाटली आहे, ती तेथे नाही. तिच्यापर्यंत जायचे तर आशा सेविकेला, अंगणवाडी ताईला, गावच्या औषध दुकानदाराला आधी कळले पाहिजे. शाळेच्या फळ्यावर लिहिले पाहिजे. बाजारच्या दिवशी दवंडी पिटली पाहिजे. आणि हे सगळे तिच्या बोलीत झाले पाहिजे. १९३७ सालच्या त्या निरीक्षकांनी पायपीट करून जे साधले, ते बोटाने पडदा दाबून साधेल, या भ्रमात राज्यकर्त्यांनी राहू नये. समाजमाध्यम हे दवंडीचे एक नवे साधन आहे. दारावर थाप मारणाऱ्या माणसाची जागा ते घेऊ शकत नाही.

वाचकांनाही एक विनंती. सरकारी असो वा खाजगी, औषधाविषयीचा कोणताही दिलासा पुढे पाठविण्यापूर्वी त्यात औषधाचे नाव, बॅच क्रमांक आणि तारीख आहे की नाही, एवढे पाहावे. नसेल तर तो आपल्याजवळच थांबवावा. इशारा वाचला तर मात्र आपल्या घरी काम करणाऱ्या बाईंना, इमारतीच्या रखवालदाराला तो तोंडी समजावून सांगावा. मोबाईल आपल्या हाती आहे, तशी ही जबाबदारीही आपल्याच हाती आहे.

परासियातून निघालेल्या गाड्या कित्येक तासांचा रस्ता कापून नागपूरला येत होत्या. त्या गाड्यांत बसलेल्या आईबापांना राजधानीतील पत्रकांचा कीस काढावयास सवड नव्हती. त्यांना वेळेवर, उघड, एकच वाक्य हवे होते: ‘ती बाटली मुलाला देऊ नका.’ ते वाक्य उच्चारावयास प्रयोगशाळा लागत नव्हती, कायदा आड येत नव्हता, पैसाही लागत नव्हता. फक्त लेकराचा जीव खात्याच्या अब्रूहून मोठा मानावा लागत होता. यापुढे तरी आमचे राज्यकर्ते तो तसा मानणार आहेत की नाहीत, याचे उत्तर पत्रकाने नव्हे, पुढच्या संकटातील त्यांच्या पहिल्या शब्दाने मिळेल.